डावा गाल, उजवा गाल

नवी सून संध्याकाळी सात वाजता कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मोठ्या नणंदेच्या गोळ्या घेऊन आली, तेव्हा मोठे काका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातून जायची. वर्तमानपत्रसुद्धा ते वाचून, चुरगाळून, नाक शिंकरून झालं की मग बाकीच्यांना मिळायचं.

"काय आणलंस?"

तिने पिशवी दिली. काकांनी दहा गोळ्यांची स्ट्रिप खोटी नोट पारखावी तशी उजेडात धरली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आजपासून बंद."

"पण काका, डॉक्टरांनी सांगितलंय की एकदम..."

"डॉक्टरला दुकान चालवायचंय. पोरगी खाते, पिते, हसते, अर्धा दिवस कामावर जाते. बरी झाली. बऱ्या माणसाला कसली औषधं? मन म्हणजे काय गुडघा आहे, मलम लावायला?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. रोज एकदा तरी म्हणायचे आणि एकटेच हसायचे. लग्नाला पंचेचाळीस दिवस झाले होते, म्हणजे नवीने ते पंचेचाळीस वेळा ऐकलं होतं. काका आरोग्य खात्यात हेडक्लार्क होते, असं काका सांगत. तेवढ्या बळावर घरातल्या सर्दीपासून सगळ्या दुखण्यांवर त्यांचा शब्द शेवटचा. सासूबाई नात्याने काकांच्या धाकट्या भावजय. त्यांचं मत विचारलं की त्या भाजी निवडायला घेत.

दीड वर्षापूर्वी मोठी नणंद, म्हणजे ताई, कामाला होत्या त्या शिवणकारखान्यात आग लागली होती. ताई बाहेर आल्या. शेजारच्या मशीनवरची मुलगी आली नाही. पुढे वर्षभर ताई रात्र रात्र खोलीच्या दाराची कडी धरून उभ्या असायच्या, असं नवऱ्याने नवीला सांगितलं होतं. मग डॉक्टर गाठले, मग या बारक्या गुलाबी गोळ्या, रोज रात्री दहाला एक. सहा महिन्यांपासून ताई झोपत होत्या. नवी या घरात आली ती त्या झोपेच्या दिवसांत. कडी धरून उभ्या ताई तिने पाहिल्या नव्हत्या, आणि काकांच्या हट्टापायी पाहायची तिची तयारीही नव्हती. पण स्ट्रिप खिशात होती, खिसा काकांच्या छातीवर होता आणि नवरा रात्रपाळीला.

जेवणं झाली. काका तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी तोंड आ केलं, जीभ टाळ्याला लावली, मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि तोंड मिटलं. ही त्यांची खोड होती. पाणी, चहा, काहीही गिळलं की हे व्हायचंच. विकायला काढलेल्या घोड्यासारखं. धाकटा दीर म्हणे, कवळी बसवून घेतात. नवीने पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं होतं की काकांचे सगळे दात त्यांचे स्वतःचे होते.

नऊ वीसला वीज गेली.

"काका, भुताची गोष्ट!" दीर सरसावून बसला. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि अभ्यास सोडून सगळ्यावर त्याचा विश्वास होता.

"गोष्टी पोरांना सांगतात. मी घडलेलं सांगतो," काका म्हणाले. अंधारात त्यांचा आवाज आणखी जाड वाटत होता. "आणि घरात सध्या गोळ्यांचं फार कौतुक चाललंय, तर त्यातलंच सांगतो. माझ्या ओळखीचा एक होता. वेड्यांच्या हॉस्पिटलात कामाला. तिथे वॉर्डातल्या कामगाराला सगळे मामा म्हणतात, तर मामाच म्हणू. मामाचं काम काय? रात्री गोळ्या वाटायच्या. आणि वेडे महालबाड, गोळी गालात दडवून मागे थुंकतात. म्हणून मामा टॉर्च घेऊन एकेकाला उभं करायचा. तोंड उघड. जीभ वर. डावा गाल. उजवा गाल. 'गिळलीस का राजा, की गालाच्या बँकेत ठेवलीस?' सगळा वॉर्ड थरथरायचा त्याला!"

"आजारी माणसांना थरथरायला फार लागत नाही," नवी हळूच म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की काकांनी तो कौतुकाचा धरला.

"तर तिथे एक लाईनमन होता. विजेच्या खांबावर चढणारा. त्याचा जोडीदार वर तारेशी असताना कुणीतरी खालून लाईनीत वीज सोडली. याने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून कामातून गेला. बटण दाबलं तरी ओरडायचा. सहा महिने ठेवला, गोळ्यांवर शांत झाला, घरी सोडला. महिन्याला येऊन तीस गोळ्या न्यायचा. मोठ्या, पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या. एका महिन्यात त्याला ताप आला, येता येईना. मोठे डॉक्टर मामाला म्हणाले, तुझ्या घरच्या वाटेवरच आहे त्याचं घर, हे पाकीट आज देऊन जा. एक दिवसही खाडा नको. तारीख पाच जानेवारी. मामाने पाकीट स्कूटरच्या डिकीत टाकलं."

"आणि दिलं," दीर म्हणाला.

"आडवाट होती रे. थंडी मरणाची."

"किती आडवाट, काका?" नवीने विचारलं.

"असेल... पाच मिनिटांची."

"हं," ती म्हणाली.

"हं काय? दिवसभर वेड्यांत राबलेला माणूस! म्हटलं, पिठाच्या तर गोळ्या, दोन दिवसांनी काय बिघडतं. मग राहिलंच. लाईनमनची म्हातारी आई एकदा गेटवर आली विचारायला. मामा म्हणाला, डॉक्टर रजेवर आहेत, सोमवारी या. आता डिकीतून काढून देणार तर उशीर का झाला ते सांगावं लागणार..." काका खाकरले. "अठरा तारखेला रात्री लाईनमन घरातून निघाला. आईला म्हणाला, वर अजून एकजण अडकलाय, त्याला उतरवून आणतो. आणि चढला खांबावर. लाईन चालू होती. बघा, वेड म्हणतात ते हे! जोडीदार मरून वर्ष झालेलं."

"वेड नव्हतं ते."

सगळे वळले. ताई खोलीच्या दारात उभ्या होत्या. मेणबत्तीचा उजेड त्यांच्या पायांपर्यंतच पोचत होता.

"त्याला ते आठवत नव्हतं, काका. त्याच्यासमोर ते आत्ता होत होतं. गोळी ते पुसत नाही. दार लावून घेते फक्त." मग म्हणाल्या, "दहाला पाच कमी आहेत. माझी गोळी?"

त्यांचा एक हात दाराच्या कडीवर होता. नुसताच ठेवलेला. नवीने तो पाहिला.

"बस गं," काका म्हणाले. "पुढे तर ऐक. भूत पुढेच आहे."

ताई बसल्या नाहीत.

"दुसरा दिवस. एकोणीस जानेवारी, बुधवार. रात्री अकरा चाळीस. मामा ड्युटी संपवून निघालेला. लाईनमनच्या घराकडे जाणाऱ्या वळणावर स्कूटर बंद पडली. पेट्रोल होतं. सगळं होतं. पण बंद. किक मारतोय... नाही. चिटपाखरू नाही. नुसता तारांचा गुं... गुं... आवाज."

दिराने पाय वर घेतले.

"शेतातून टॉर्च आला. डुलत नव्हता. चालणाऱ्या माणसाच्या हातातला टॉर्च डुलतो. हा सरळ आला. मामाच्या तोंडावर थांबला. मागे कोण... दिसेना. जळक्या रबराचा वास. आणि आवाज आला. तोंड उघड."

काकांचा आवाज खाली गेला होता.

"मामाने उघडलं. जीभ वर. केली. डावा गाल... रबरी हातमोज्याचं बोट आत आलं. गार. गाल ओढून पाहिला. उजवा गाल... पाहिला. मग म्हणाला, 'नाही घेतली.' रागाने नाही. वहीत नोंद करतात तसं. आणि टॉर्च विझला."

सासूबाईंनी शेंगा निवडायला घेतल्या.

"दुसऱ्या रात्री तो टॉर्च घरी आला. अकरा चाळीस. बायको शेजारी झोपलेली. तिला काही नाही. तोंड उघड... नाही घेतली. तिसऱ्या रात्री... चौथ्या रात्री मामाने डिकीतलं ते पाकीट काढलं. एक गोळी जिभेखाली धरून पडून राहिला. टॉर्च आला. बघितलं. 'हं.' गेला. अशा तीस रात्री. तीस गोळ्या. घसा कोरडा, पाय शिशाचे, दिवसा उभ्या उभ्या डोळा लागायचा..."

"मग मामांना कळलं का," नवीने अगदी नम्रपणे विचारलं, "की त्या पिठाच्या नव्हत्या?"

काकांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं.

"आणि एकतिसाव्या रात्री?" दीर कुजबुजला. "पाकीट तर संपलं."

 मेणबत्ती तडतडली.

"एकतिसाव्या रात्री... काही नाही. मामाची बदली झाली. संपलं." काकांनी चाचपडत तांब्या उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. "तात्पर्य काय, वेडी माणसं मेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत. त्यांच्या नादी लागू नये."

दिराला भीती वाटली की चेष्टा सुचते. त्याने मोबाईलचा टॉर्च लावला, काकांच्या तोंडावर मारला आणि आवाज जाड करून म्हणाला,

"तोंड उघड!"

काकांनी उघडलं.

जीभ वर केली. कुणी सांगितलं नव्हतं. मान डावीकडे. थांबले. मान उजवीकडे. थांबले. डोळे टॉर्चकडे, शाळेतल्या मुलासारखे. दोन्ही हात विजारीच्या शिवणीला चिकटलेले.

दीर हसायला गेला... हसू आलं नाही.

जिभेखाली काहीतरी पांढरं होतं.

काकांना ते सगळ्यांच्या नंतर कळलं. त्यांनी समोरच्या बशीत थुंकलं. टक् असा आवाज झाला. मोठी गोळी. मधोमध रेघ.

सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "भावोजी... ही कुठून..."

काकांनी खिशात हात घातला. बोटं थरथरत होती, वॉर्डातल्यासारखी. स्ट्रिप त्यांनी दाराकडे धरली, पण ताईंकडे पाहिलं नाही. हेडक्लार्कचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"घे. घे गं. एक दिवसही... खाडा नको."

ताईंनी गोळी काढली. नवीने पाणी दिलं. ताई शांतपणे प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या,

"तोंड उघडून दाखवू का, मामा?"

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्या रात्री ताई झोपल्या. काका झोपले नाहीत. व्हरांड्यात ते अकरा चाळीसपर्यंत घड्याळाकडे बघत होते, आणि नंतर कशाकडे बघत होते ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी नवी सगळ्यांच्या आधी उठली. स्ट्रिप तिने मोजली. नऊ होत्या. दहा आणल्या, एक ताईंनी घेतली, नऊ राहिल्या. हिशेब बरोबर होता. ताईंच्या गोळ्या गुलाबी, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या पिवळ्या. घरात तिसरं औषध नव्हतं.

मग तिने रात्री बशीवर ठेवलेलं झाकण उचललं. गोळी तिथेच होती. पांढरी. रात्रभर कोरड्या बशीत पडून, सकाळी साडेसहालाही ओली.