अर्धा तास जपानी, अर्धा तास इंग्रजी

प्रशिकची आणि माझी ओळख एका जांभईवरून झाली. तो उभा राहून जपानीत स्वतःची माहिती सांगत होता, नाव प्रशिक, गाव सारोळे, काम कारखान्यात... आणि समोर बसलेल्या मी अशी काही जांभई दिली, की त्याचं वाक्य तिथंच अडलं. मग त्यालाही आली. मग कारखान्यातले जपानी साहेब मोरी-सान, त्यांनाही. "अरे, काय चाललंय काय!" वर्ग घेणाऱ्या नूतन मॅडम ओरडल्या, आणि मराठी बोलल्या म्हणून त्या दिवशीचे चहाचे कप त्यांनाच धुवावे लागले.

नियमच होता तसा. कापूरहोळच्या चौकात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, दर रविवारी दहा ते अकरा आम्ही जमायचो. अर्धा तास जपानी, अर्धा तास इंग्रजी. मोरी-सान आणि त्यांच्या दोन सोबत्यांना इंग्रजी हवं होतं, आम्हा सहा-सात जणांना जपानी. मराठीचा शब्द निघाला की कप धुवायचे.

मला जपानला जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची होती. तीन वर्षांची नोकरी. भाषेची परीक्षा पास झाले होते, मुलाखत तेवढी राहिली होती. प्रशिकला कुठंच जायचं नव्हतं. वडील गेलेले, घरी आई एकटी, नदीकाठी थोडी जमीन. जपानी आलं तर कारखान्यात दुभाषा होता येईल आणि रात्रपाळी सुटेल, एवढंच त्याचं स्वप्न. मीही भोरच्या दवाखान्यातून रात्रपाळी करूनच यायचे. मॅडमनी दोघांचे डोळे बघितले आणि आम्हाला एका बाकावर बसवलं.

"तुमचा छंद काय आहे?" मी जपानीत विचारलं.

"झोप. तुमचा?"

"माझाही झोप. पण वेळ मिळत नाही."

"मलाही मिळत नाही."

"मग रविवारी घरी का झोपत नाही?"

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. मग सावकाश म्हणाला, "रविवारी... इथे... तुम्ही असता."

आणि पुस्तकातलं वाक्य वाचावं तसा खाली बघत बसला. मी धडा चाळून पाहिला. तसलं वाक्य त्यात नव्हतं हो!

आता मोजकेच शब्द येत असताना माणूस आडपडदा तरी किती ठेवणार? नखरे करायला शब्द लागतात, टोमणे मारायला त्याहून जास्त. आमच्याकडे ते नव्हतेच. "आज माझी पाठ दुखते." "आज मशीन बंद पडलं. साहेब रागावले." "काल रात्री एक आजोबा वारले. मी रडले नाही. घरी गेले, भात खाल्ला, मग रडले." हे ऐकून प्रशिकनं कप उचलला. आपल्या कपातला अर्धा चहा त्यानं माझ्या कपात ओतला.

जिना उतरलो की मात्र दोघंही मुके. श्रावणात तर बाहेर भुरभुर चाललेली असायची. मला भोरची एसटी धरून भाटघरच्या फाट्यावर उतरायचं असायचं, त्याला गाडीवरून उलट्या दिशेला, सारोळ्याला. तरी एसटी येईपर्यंत तो गाडी लावून माझ्या शेजारी भिजत उभा राहायचा.

"आली एसटी."

"व्हय."

"बरं मग..."

"बरं."

एवढंच. सात-आठ महिने आम्ही आपल्या भाषेत एवढंच बोललो.

मग माझ्या मुलाखतीची तारीख आली. मंगळवार. त्याआधीच्या रविवारी मॅडमनी सराव घ्यायचा ठरवला. प्रशिकला मुलाखत घेणारा साहेब केलं, हातात प्रश्नांचा कागद दिला. परदेशी पाठवणाऱ्या एजंटनं उत्तरंसुद्धा छापूनच दिली होती. शेवटचा प्रश्न होता, लग्नाचं काही ठरलंय का, मागे कोणी आहे का? हो म्हटलं की मुलगी अर्ध्यात परत येईल म्हणून घेत नाहीत, असं एजंट म्हणायचा. उत्तर: नाही, कोणी नाही. ते मी एसटीत, अंघोळीला बसल्यावर, अगदी पेशंटला सलाईन लावतानासुद्धा घोकलं होतं.

प्रशिकनं शेवटचा प्रश्न विचारला. कागदातून मान वर न काढता.

"नाही. को..." मी मध्येच अडले.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं पुन्हा विचारलं.

"नाही. कोणी नाही." या वेळी अगदी स्वच्छ.

मोरी-सान टाळ्या वाजवणार, तेवढ्यात प्रशिकनं कागद खाली ठेवला.

"खरंच कुणी न्हाई व्हय?"

मराठीत. सगळ्यांसमोर! मोरी-सानांचे हात हवेतच राहिले. मॅडमनी नुसतं कपांकडे बोट दाखवलं. तो उठला, ट्रे उचलला आणि मागच्या नळाकडे चालू लागला.

"थांब, मी पण येते," माझ्या तोंडून निघून गेलं. मग काय, मलाही कप धुवायचेच होते.

"आपटू नकोस, फुटेल," मी म्हणाले.

"फुटू दे."

"चिडलास?"

"न्हाई. दमलोय." त्यानं नळ बंद केला. "दीपमाला, जाऊ नको असं मी म्हणत न्हाई. लई खपलीस तू, बघितलंय म्या. तू जा. त्यांना काय सांगायचं ते सांग, नोकरीचा सवाल हाय. पर मला तरी खरं सांग. कुणी न्हाई?"

माझे हात साबणानं भरलेले. मी तोच कप परत परत घासत राहिले. जपानीत मी हजार गोष्टी बोलून गेले होते, पण आपल्या भाषेत म्हटलं की ते खरंच होणार होतं...

"आहे," मी म्हणाले. "झालं समाधान?"

"नाव काय त्याचं?"

"कप धू गपचूप!"

तो हसला. इतक्या दमलेल्या माणसानं इतकं गोड हसू नये, खरंच सांगते.

"पण तीन वर्षं आहेत, प्रशिक. कंटाळशील."

"पाच वर्षं रात्रपाळी करतोय. वाट बघायची सवय हाय मला."

मंगळवारी मोबाईलच्या पडद्यावर पिकल्या केसांच्या एक जपानी बाई आल्या. सगळे प्रश्न सुरळीत गेले. मग शेवटचा. घोकलेलं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या दिवसानंतर ते म्हणणं म्हणजे त्याला नाही म्हणणं होतं, आणि ते काही मला जमेना.

"आहे," मी म्हणाले. "तो सारोळ्याला राहतो. मी तीन वर्षं मन लावून काम करीन. मग परत येईन."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पडदा काळा झाला. गेली नोकरी! दोन वर्षांची मेहनत एका शब्दापायी घालवली. आईला काय तोंड दाखवू? तीन रात्री मी स्वतःला शिव्या देत ड्युटी केली.

शुक्रवारी सकाळी ड्युटी संपता संपता मेसेज आला. निवड झाली होती. दोन महिन्यांनी निघायचं.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आधी पोटभर रडले. मग प्रशिकला फोन लावला. उचलला त्याच्या आईनं, फुलाबाईंनी.

"हॅलो? आत्ताच येऊन झोपलाय त्यो. कोण बोलतंय?"

"मी... दीपमाला."

"भाटघरची? जपानची?"

"व्हय."

"अगं बाई! निवड झाली का गं?"

"झाली."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "म्हंजी जाणार तू."

"जाणार. आणि परत येणार, काकी. तुमच्याकडंच."

"थांब, उठवते त्याला. न्हाई उठवला तर मलाच बोलंल."

"नको हो, दमलाय तो. झोपू द्या. मी थांबते फोनवर."

"किती येळ थांबशील बाई?" असं म्हणत त्यांनी फोन तसाच त्याच्या उशाशी ठेवून दिला. बांगड्या वाजल्या, पावलं लांब गेली, मग त्याचा संथ श्वास ऐकू यायला लागला. मी फोन कानाला लावून पायरीवर बसून राहिले. समोरून भाटघरच्या दोन एसट्या निघून गेल्या.