शारजाची फॅशन

महाड डेपोतून सुटलेल्या पोलादपूरच्या गाडीत तो चढला, तेव्हा मी आधी त्याचे हात बघितले. सवय आहे ती. चेहरा माणूस घरून तयार करून आणतो. हात मात्र आहेत तसेच घेऊन निघतो. वरच्या दांडीला धरलेला त्याचा हात मला दोन सीटांवरून स्वच्छ दिसत होता. नखांत पांढरा ऑइलपेंट, बाहीचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं. सदरा पांढरा. म्हणजे रंगारी. आणि घरात बायको नाही, किंवा असून नसल्यासारखी.

गाडी भरलेली. तो माझ्याच शेजारी येऊन बसला.

मला पोलादपूरच्या वरच्या एका वाडीवर गौतमी नावाच्या मुलीच्या हळदीआधी मेंदी काढायला जायचं होतं. पत्ता लग्नपत्रिकेत. मी पत्रिका काढली, डोळ्यांपासून लांब धरली… आणखी लांब… शेवटी ती पुढच्या सीटवरच्या बाईच्या अंबाड्याला टेकली.

"अजून लांब हवी असेल तर माझ्याकडे द्या," तो म्हणाला. "मी खिडकीबाहेर धरतो."

"मला वाचता येतं."

"येतच असणार. मी म्हटलं, हात पुरत नाहीये."

गळ्यात दोरीला अडकवलेली चाळशी त्यानं नाकावर चढवली, पत्रिका घेतली आणि गणपतीच्या नमनापासून थेट 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळी वाचून दाखवली. अर्धी गाडी ऐकत होती.

"उन्हानं डोळे दिपलेत माझे," मी म्हणाले.

त्यानं आमच्या बाजूच्या खिडकीकडे बघितलं. पूर्ण सावली. "हो ना," तो गंभीरपणे म्हणाला. "या बाजूचं ऊन फार वाईट."

नाव दिलावर. अकरा वर्षं आखातात काढून परत आलेला. "मोहल्ल्यात सांगतात, दिलावर तिकडे डिझायनर होता. होतोच ना — रस्त्यावर बाण काढायचो. सरळ बाण, डावा बाण. सगळी दुनिया माझ्या इशाऱ्यावर वळायची!" आता महाडात दुकानांचे बोर्ड रंगवत होता. "आणि गंमत ऐका. वयाबरोबर माझं अक्षर मोठं होत चाललंय. गिऱ्हाईक खूश — दिलावरचा बोर्ड सावित्रीच्या पलीकडून वाचता येतो म्हणे! आता बारीक अक्षर मलाच दिसत नाही, हे मी का सांगू?"

तो खळखळून हसला. मी हसले नाही. जी गोष्ट मी तीन वर्षं घरच्या भिंतींपासून लपवली होती, ती हा माणूस भर एस्टीत एका अनोळखी बाईला हसत सांगत होता.

माझी गोष्ट अशी, की मी नूरजहाँ. त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, एकेचाळीसची. बावीस वर्षं महाड-पोलादपुरात नवऱ्यामुलींच्या हातांवर मेंदी काढत आलेली. सुरुवातीला मुली मला नूर म्हणायच्या, मग नूरआपा. अलीकडे एकदोघींनी खाला, म्हणजे मावशी, म्हणून बघितलं. हिंदूंच्या घरी ताईची काकू झाले. मी हसून घेते. फक्त काकू म्हणणारीच्या डाव्या हातावर एक फूल कमी पडतं.

नाव माझं बारीक कामात होतं. तांदळाच्या दाण्यावर मावेल अशी जाळी. मग अडतिसाव्या वर्षी, बिरवाडीच्या एका लग्नात, जाळीच्या रेघा एकमेकींत शिरायला लागल्या. मला वाटलं मेंदी पातळ झाली. दुसरा कोन घेतला. तिसरा घेतला. मग घाबरून एक जाड वेल सोडली, दोन मोठी पानं, आणि अर्धा तळवा कोराच ठेवला. बायका म्हणाल्या, "हे काय गो नवीन?"

तोंडातून निघून गेलं, "शारजाची फॅशन."

माझा भाऊ शारजात टँकर चालवतो. बायकोच्या हातावर मेंदी आहे की हळद, हेसुद्धा त्याला सांगावं लागतं. पण शब्द चिकटला. एका हंगामात सगळ्या तालुक्याला कोरा तळवा हवा झाला. तिकडे खरंच तशी फॅशन चालू होती, हे मला मागाहून कळलं. बायका म्हणायच्या, नूरआपा काळाच्या पुढे आहे. काळाच्या पुढे कसली… मला हातातलं दिसत नव्हतं, एवढंच.

चाळशी घेतली होती मी. चिपळूणला जाऊन, जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे. ती तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मेंदीवालीनं चाळशी लावली, की 'हिचा हात गेला' असं धरून चालतात. आणि एकेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई, तिचा हात गेल्यावर तिचं उरतं काय?

गाडीतल्या त्या भेटीनंतर आठ दिवसांनी माझ्या दारात दिलावर उभा. बरोबर एक मुलगी.

"ऊन उतरलं का?" त्यानं विचारलं.

"काम काय ते बोला."

"ही माझी भाची, सादिया. पुढच्या गुरुवारी हिची मेंदी."

सादिया एकवीसची, लांब बोटांची. असे हात वर्षातून एकदा येतात. तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक जुना फोटो. "आपा, मला अगदी अशीच हवी. बारीक. भरलेली."

फोटो मी हातात घेतला. राखाडी धूर. धुरात एक बाई, चेहऱ्यापुढे दोन पंजे धरलेली. एवढंच. दिलावर माझ्याकडे बघत होता. तो बघत नसता तर कदाचित मी म्हटलं असतं, ठेव बेटा, उद्या सांगते. पण तो बघत होता. मी फोटो मुद्दाम जवळ धरला, धड डोळ्यांची बाई धरते तसा. मान तिरकी केली. बोट फिरवलं.

"कोणी काढली ही?" मी म्हणाले. "हात बसलेला नाही. नुसतं भरत सुटलीये. गावठी काम. आता असं कोण काढतं?"

सादियानं फोटो परत घेतला. पाकिटात घातला. पाकीट पर्समध्ये. पर्सची चेन लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"माझ्या अम्मीची आहे," ती म्हणाली. "सत्याहत्तर सालची. तुम्हीच काढलेली."

तिची अम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती.

आणि मग आठवलं… ते घर, तो पाट, मी एकोणीस वर्षांची. आयुष्यातली माझी पहिली नवरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी मान वर केली नव्हती. त्या हातांमुळेच पुढची बावीस वर्षं लोकांनी मला बोलावलं.

अजूनही वेळ होती. 'बेटा, मला फोटो दिसला नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणाले?

"हो का? तेव्हा मी शिकत होते."

"असेल," सादिया म्हणाली, आणि पायरी उतरून गेली. दिलावर क्षणभर थांबला. त्याचा हात गळ्यातल्या चाळशीकडे गेला आणि खाली आला. तो काहीच बोलला नाही. टोमणा मारला असता तर मी दुप्पट मारला असता. टोमण्यांत मी कुणाला हार गेलेली नाही. त्याचं ते न बोलणं मात्र मला चार दिवस पुरलं. स्वयंपाक करताना, नमाजाला उभी राहताना, मध्येच कान तापायचे — गावठी काम, हात बसलेला नाही — माझाच आवाज, माझ्याच मेंदीबद्दल, मेलेल्या बाईच्या हातांबद्दल.

पाचव्या दिवशी तो एकटाच आला. हातात ब्रश, पायात रंगाचे ठिपके पडलेल्या चपला. दाराबाहेरच उभा.

"खेडची नशरा ठरलीये मेंदीला. पुस्तक बघून काढते. अरेबिक."

"चांगलं झालं."

"फोटो सादियाच्या उशाशी असायचा. आता कपाटात चादरींच्या खाली आहे. मला म्हणाली, मामू, अम्मीची मेंदी गावठी होती, मला कळलंच नाही इतकी वर्षं."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"काय?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

"मी सांगून काय उपयोग? मामानं सांगितलं की ती समजूत होते. तुमच्या तोंडून गेलंय, तुमच्याच तोंडून परत यायला हवं."

"सगळ्या बायकांसमोर?"

त्यानं ब्रश या हातातून त्या हातात घेतला.

"तुम्हाला लाज नाही वाटली कधी? हे असं गळ्यात घालून फिरताना?"

"वाटली ना! पहिल्या दिवशी मोहल्ला चुकवून तळ्याच्या बाजूनं लांबून गेलो. मग लक्षात आलं, कुणी बघतच नव्हतं. त्याची तर जास्त लाज वाटली." तो निघाला. मग वळला. "मी आलो तो अर्धाच सादियासाठी."

"आणि अर्धा?"

"तो मेंदी झाल्यावर."

बघा! मी लाजेनं मरत होते, आणि या माणसाला बोलण्यात गाठी मारून ठेवायचं सुचत होतं. आणि मलाही — खोटं का बोलू — ती गाठ सोडवावीशी वाटत होती.

गुरुवारी सकाळी दहाला मी तांदळाचा डबा उघडला. चाळशी झटकली, घातली, आणि भर मोहल्ल्यातून चालत गेले. जवळचं एवढं स्पष्ट की ओढणीचा धागा न् धागा मोजावा, आणि लांबचं सगळं पाण्यात बुडालेलं. कोण बघत होतं, कोण हसत होतं, काही कळत नव्हतं. ते बरंच झालं.

सादियाच्या घरी बायकांनी खोली भरली होती. निलगिरी तेलाचा वास, मोगरा, बांगड्या. नशरा पुस्तक उघडून बसलेली. मला बघून कुजबुज थांबली, मग एक बारीक हसू फुटलं, त्याला दुसरं जोडलं.

"नूरआपा, चष्मा?" कुणीतरी म्हणालं. "ही पण शारजाची फॅशन का?"

खोली हसली. मी मधोमध उभी, कान पेटलेले. पळून जावं असं फार वाटलं.

"शारजाची काही फॅशन नव्हती. मला तीन वर्षं जवळचं दिसत नाही. म्हणून जाड काढायचे." मी तिच्याकडे वळले. "सादिया, तुझा फोटो मला दिसला नाही. दिसल्याचं सोंग केलं. तुझ्या अम्मीचे हात… तसं काम माझ्याकडून पुन्हा झालं नाही."

कोपऱ्यातून सादियाची दादी म्हणाली, "अगो, नाय दिसत तर नाय दिसत म्हनावं! आमाला काय दिसतंय?" पण या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्या सादियाकडे बघत होत्या.

तिनं दादीकडे बघितलं. मग उठली, आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज. परत आली ती फोटो हातात घेऊन. माझ्यासमोर बसली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

चाळशीतून मी तो फोटो पहिल्यांदा बघितला. काय काम होतं! एकेक पाकळी श्वास रोखून काढलेली. फक्त अंगठ्याखाली गर्दी झाली होती. कुठे थांबावं हे त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला कळलं नव्हतं. आता कळत होतं. तीन वर्षं लबाडीनं कोरे तळवे सोडता सोडता कोऱ्या जागेची किंमत कळली होती. अंगठ्याखाली मी बोटभर जागा मोकळी सोडली, आणि सगळी जाळी एकदम मोकळा श्वास घ्यायला लागली.

नशरानं बाकीच्या बायकांचे हात घेतले. मला असरची अजान झाली तरी वेळ पुरला नाही. अनामिकेवर रेघ हलली. पूर्वी मी वर पान काढून झाकलं असतं.

"इथे हललाय हात," मी म्हणाले.

"राहू दे," सादिया म्हणाली. मग हळूच, "अम्मीची जास्त चांगली होती ना?"

"हो."

ती हसली. मला हेच ऐकायचं होतं, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं.

मी पडवीत येऊन बसले. मान आखडलेली, बोटं हिरवी. खाली मांडवाच्या बांबूपाशी कुणीतरी उभं होतं. नुसता पांढरा ढग.

"कोण?"

"उरलेला अर्धा," ढग म्हणाला.

"बोला मग."

"सत्याहत्तर साली, बहिणीच्या मेंदीला, मी आमच्या पडवीत होतो. लिंबू-साखरेची वाटी धरून."

"आता म्हणाल, तेव्हापासून माझ्यावर डोळा होता."

"छे! तुमच्या शेजारी एक हिरव्या ओढणीवाली बसली होती. तिच्याकडे बघत होतो. तुम्ही तर नुसती वाकलेली पाठ."

मला हसू आवरेना. "मग आताच काय झालं?"

"एस्टीत भेट झाली. इतकं वाईट खोटं बोलणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. म्हटलं, हिच्याशी संसार सोपा. लपवलेलं सगळं दिसेल." त्याचा आवाज बदलला. "आणि आज आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं मला. आखातातून परत आल्यापासून माझ्या घरात मी एकटाच बोलतो, नूर. उत्तर देणारं कुणीतरी… म्हणजे, तुम्ही हव्या होतात."

नूर. आपा नाही, खाला नाही.

"मी एकेचाळीसची आहे."

"मी पंचेचाळीस."

"लोक हसतील."

"आज हसल्याच की. काय कमी झालं तुमचं?"

त्याचा चेहरा बघावा असं मनापासून वाटलं. चाळशी काढली असती तर लांबचं लख्ख दिसलं असतं. हात कानापर्यंत गेलाही. तसाच खाली आणला.

"तिथून तुम्ही मला दिसत नाही," मी म्हणाले. लाज वाटलीच, पण ही लाज निराळी होती, गालांवर बसणारी. "वर या."

तो एक पायरी चढला. "आता?"

"नाही."

दुसरी चढला. कानशिलाजवळचे पांढरे केस, डाव्या भुवईवरचा रंगाचा थेंब, घाबरलेले डोळे — एकेक रेघ स्वच्छ. "आता?"

"अजून नाही," मी म्हणाले.