ओसाकाचं मागे पडणारं घड्याळ

स्टुलावर उभी राहून, भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून, आता खाली उतरायचं कसं याचा ती विचार करत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि टम्म सुजलेला गाल हाताने धरून एक तरुण आत आला.

"दाताचा दवाखाना...?"

"वरच्या मजल्यावर. पण आधी हे धरा!"

त्याने घड्याळ धरलं. मग हळूच दुसरा हातही पुढे केला... तिला उतरायला. तिने तो पाहून न पाहिल्यासारखा केला आणि टुणकन उडी मारली.

तो घड्याळाला कान लावून उभा होता. डोळे मिटलेले, गाल सुजलेला, ध्यान नुसतं!

"बंद पडलंय?" तिने विचारलं.

"छे. रुसलंय." त्याने खिशातून बोटभर पेचकस काढला. "समोरच्या कोपऱ्यावरचं घड्याळाचं दुकान माझं. बसू का?"

बसला. घड्याळ खोललं, पुसलं, लावलं. तोवर त्याची दाढ दुखायची थांबली ती थांबलीच. पुढे जन्मात दुखली नाही. वरचा डॉक्टर अजून त्याची वाट बघतोय म्हणतात. खोटं वाटत असेल तर वर जाऊन विचारा.

हे ऑफिस होतं तिच्या मामाचं. लोकांच्या परदेशी सहली ठरवून द्यायच्या, हा धंदा. मोबाइल अजून खिशात शिरले नव्हते. फॅक्सचं यंत्र दिवसभर करकरायचं आणि मामा फोनवर असा ओरडायचा, की तारेची गरजच नव्हती, ओसाकाला थेट ऐकू गेलं असतं. त्याचा सगळा व्यवहार त्या शहराशी. म्हणून भिंतीवर ओसाकाची वेळ दाखवणारं हे चावीचं घड्याळ, आणि मामाचा कडक नियम: जपानचं काम जपानच्या घड्याळावर. मनगटावरचं बघून बोटांवर हिशेब करायचा नाही.

जाता जाता घड्याळजी दारात थबकला. "आमच्या घरचेही ओसाकाला जायचं म्हणतात. तुम्ही ठरवून द्याल?"

"कोण कोण?"

"आई, बाबा, आत्या. आणि मी, बॅगा उचलायला."

झालं! आठवड्याभरात घड्याळ पुन्हा मागे पडलं. मामा गरजला, "बोलवा त्या घड्याळजीला!" तो आला, तासभर उशिरा.

"घड्याळजी आणि उशिरा? उशीरराव म्हणावं तुम्हाला!"

"दुसऱ्यांची वेळ सुधारता सुधारता स्वतःची बिघडते हो, तिकीटबाई."

मग घड्याळ एका बाजूला आणि ओसाकाचा नकाशा दुसऱ्या बाजूला. त्याचे बाबा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना म्हणे मरायच्या आत एकदा वेळेवर आलेली गाडी बघायची होती. आईला कालव्यातून बोटीने फिरायचं होतं. आत्याला मत्स्यालयातला बसएवढा मासा बघायचा होता, आणि त्यासाठी तिने घेतलेल्या बॅगेत तो मासा सहज मावला असता.

"आणि तुम्हाला काय बघायचंय?"

"मला? दिसतंय की सगळं इथूनच," तो म्हणाला. नकाशाकडे मात्र बघत नव्हता. तिने पेन्सिल उगाच टोकदार केली. होतीच टोकदार.

आता तुम्हाला म्हणून आतली गोष्ट सांगतो. घड्याळ आपोआप मागे पडत नव्हतं. प्रत्येक वेळी तो मागचा वेगाचा बारीकसा खटका 'हळू'च्या बाजूला ढकलून जायचा, म्हणजे पुन्हा बोलावणं येईल. आणि तेवढ्याने धीर न निघून इकडे ही, मामा जेवायला गेला की स्टुलावर चढून काटे आणखी मागे सरकवायची. याची लबाडी तिला ठाऊक नाही, तिची याला नाही. बिचाऱ्या घड्याळाची मात्र दोन्हीकडून फरफट!

बघता बघता 'तुम्ही'चं 'तू' झालं. सहल ठरत आली. नावं कळवायच्या आदल्या दिवशी तो स्टुलावर चढून घड्याळ टांगत होता. ती खाली फॉर्म भरत होती.

"चौघं ना?"

"पाच धर."

"पाचवं कोण?"

तो घड्याळाशी बोलल्यासारखा बोलला. "नाव तू भर. तुझं... भरावंसं वाटलं तर. आईला विचारलंय मी. ती म्हणाली, खिडकीची जागा तिला द्या."

फॅक्सचं यंत्रसुद्धा करकरायचं थांबलं.

"उद्या तिकडचे पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना?" तो खाली उतरला. "तोवर नाव गेलं, तर मी समजेन. नाही गेलं, तरी समजेन. पुन्हा तोंडाने विचारणार नाही. तुला 'नाही' म्हणायला लावायचं नाही मला."

आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, त्याने खटका बरोब्बर मध्यावर ठेवला होता. उद्याच्या दिवसात लबाडी नको, म्हणून. पण हे तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तीच मुळी 'हो' घेऊन. ओढणी दोनदा बदलून झाली होती, पासपोर्ट पर्समध्ये होता. नाव भरायला कितीसा वेळ? पण तिला ते त्याच्यासमोर लिहायचं होतं. त्याचा चेहरा बघायचा होता. म्हणून मामाची पाठ वळताच ती नेहमीसारखी स्टुलावर चढली, काटे अर्धा तास मागे सरकवले, आणि मामाने नेहमीसारखी आरोळी ठोकली.

तो आला नाही. आपण समोर असलो तर तिला संकोच होईल, म्हणून तो दुकानात एकच घड्याळ पुन्हा पुन्हा पुसत बसून होता.

ती दाराकडे बघत राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं की हसू सावरायची... दुसराच कुणीतरी निघायचा. मधूनच घड्याळाकडे बघायची. आहे अजून वेळ. काटे आपणच मागे ढकललेत, हे त्या आनंदात साफ विसरली होती! पाचला पाच कमी असताना तिने हिरमुसून स्वतःच नाव लिहिलं आणि फॅक्स धाडला.

उत्तर आलं: मुदत संपली. चार नावं पक्की. पाचवी जागा दुसऱ्यांना दिली.

संपली? तिने घड्याळाकडे पाहिलं. मग स्टुलाकडे. आणि तिचा हात तोंडावर गेला.

जिना तिने कसा उतरला ते जिन्यालाच ठाऊक. दुकानात आई होती, बाबा होते, आत्या नव्या बॅगेचं कुलूप लावून बघत होती.

"घड्याळ... घड्याळ मागे होतं," ती धापा टाकत म्हणाली.

त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी पेटलं... आणि विझलं.

"माझ्या हातचं? काल मी स्वतः लावलंय ते. सेकंदभर हलणार नाही." मग आवाज उतरला. "निमित्त कशाला शोधतेस गं? मी म्हटलं होतं ना... समजेन."

एकच वाक्य हवं होतं. काटे मी मागे केले, तू यावास म्हणून. जिभेवर आलंही होतं. पण बाबा बघत होते, आई बघत होती, आणि आत्या तर डोळ्यांची पापणी न लववता तिच्या तोंडाकडे टक लावून होती. तिने आवंढा गिळला.

"व्हिसाचे फोटो राहिलेत," ती म्हणाली. "उद्या आणून द्या."

गेले चौघंजण. तिनेच आखलेल्या रस्त्यांनी फिरले. आले तिघंच. तिथल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीने याच्या हातातली कला बघितली आणि याला ठेवूनच घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानात आता चष्मेवाला बसतो.

दीड-दोन वर्षांनी त्याची आई ऑफिसात आली. चहा झाला. बाबांनी वेळेवर येणाऱ्या गाड्या बघत फलाटावरच अख्खा दिवस काढला, ते सांगून झालं. मग म्हणाली, "फोन केला की विचारतो हो, ते घड्याळ कसं चालतंय?"

तेव्हा कुठे ते वाक्य बाहेर पडलं. सगळंच. स्टूल, काटे, फॅक्स.

आईने कप खाली ठेवला. "अगं वेडे! हे त्याच दिवशी बोलायचंस ना!"

"आत्या होत्या. नुसत्या बघत होत्या माझ्याकडे..."

"आत्या? बाळ, तिला तर ऐकूच येत नाही! ती ओठ वाचत होती तुझे. घरी येऊन म्हणाली, पोरीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं गं, पण तिने ते गिळलं."

दोघी हसल्या. हसता हसता आईने तिचा हात हातात घेतला, आणि सोडेचना. तेव्हा तिला कळलं.

"ठरलं त्याचं?"

"गेल्या महिन्यात," आई म्हणाली. "चांगली आहे मुलगी." मग म्हणाली, "सांगू त्याला? घड्याळाचं?"

ती उठली. खिडकीशी गेली, परत आली. कप उचलून ठेवले.

"सांगा ना. सांगा, बरोबर चालतंय."

आणि हे मात्र अगदी खरं होतं. तो गेल्यापासून ते घड्याळ सेकंदभरही मागे पडलं नाही. मामा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतो, काय हात होता पोराचा! स्टूल माळ्यावर टाकलंय. आता त्या काट्यांना कुणी हातच लावत नाही.