केळीच्या भावाखालची पत्रं

साहेब, माझी एकसष्ट पत्रं तुम्ही कचऱ्यात टाकलीत. न विचारता, न सांगता!

नाव घेत नाही तुमचं. कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत राज्य कुणाचं, हे अख्ख्या जळगावाला ठाऊक आहे. त्याच खोलीत, नव्व्याण्णवच्या जानेवारीत, पितांबर भेटला. धुळ्यात केळीच्या आडतीवर कामाला. महिनाभर ई-मेल शिकायला आलेला. मी गप्पांची साइट उघडली, तर पडद्यावर – 'ही साइट बंद आहे.' शेजारी कुणीतरी खुदकन हसलं.

"हसता काय?"

"तोंडावर नाही म्हणतंय ना... तेवढं तरी बरं."

"नाव काय तुमचं?"

"पितांबर."

"अगंबाई! इतकं जुनं?"

"आजलानं, आजोबाचं नाव शे. परत करू का?"

मला हसू आवरेना. तो बघतच राहिला...

महिना संपून धुळ्याला जाताना म्हणाला, "रोज मेल करीन. शेठ मागे उभा असतो, म्हणून वर केळीचे भाव. तू खालचं वाच."

"खाली काय?"

"वाच की!"

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एक ओळ नाही. मीही लिहिलं नाही – गरज काय मला?

एप्रिल संपताना खोली सांभाळणारे छगनभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर केळीचे भाव फार साचलेत. पुसू?"

"नका पुसू! मला का दिसले नाहीत ते?"

"साहेबांनी चाळणी लावलीय," ते म्हणाले. "रोज एकाच मथळ्याचं आलं की जाहिरात समजून कचऱ्यात."

साइट बंद केलीत, तेव्हा पाटी तरी लावलीत. मी भांडले असते. पत्रं अडवलीत, तेव्हा मी त्यालाच खोटारडा समजले!

शेवटचं पत्र – 'आखाजीपर्यंत वाट बघतो. मग घरचे म्हणतील तिथे लग्न.' आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दहा दिवस झाले होते.

तशीच एसटीनं धुळ्याला गेले. केळीचे घड उतरत होते. मला बघून त्याच्या हातातली वही खाली पडली.

"आता आलीस?"

"पत्रं आज मिळाली... आज!"

"परवा सुपारी फुटली, हेमा." मग हळूच, "तुझं... हो होतं?"

"हो."

"काय?"

"हो म्हणतेय ना!" हमाल थबकले.

डोळे पुसत तो म्हणाला, "मी मोडायला तयार आहे. पण घरी माझे आबा विचारतील, तीन महिने पोरगी गप्प का होती?"

मी मुद्दाम गप्प नव्हते, साहेब; पत्रंच पोचू दिली नाहीत तुम्ही. रविवारी चला धुळ्याला, आबांसमोर तुमच्या तोंडानं सांगा. येता की नाही?