आमदारांच्या घरची भिंत

"भिंत मिळेल का?"

पार्ल्यातल्या बंगलीच्या फाटकात एक तरुण उभा होता. खांद्यावर शिडी, हातात गेरूची बादली, आणि केसांत आंब्याचा मोहोर सांडलेला... क्षमाला हसू आवरेना.

"कशाला हवी?"

"निवडणूक आली ना! सत्ताधाऱ्यांविरुद्ध समितीचा प्रचार. बाकीचे सरळ रंगवून मोकळे होतात. मी विद्याधर — मी विचारून रंगवतो."

"रंगवा की. पण अक्षर गबाळं आलं तर पुसायला लावीन हं!"

"आणि सुरेख आलं तर?"

"तर... चहा."

अक्षर सुरेखच आलं. हातभर उंच, ठसठशीत — 'आमदारसाहेब, खुर्ची सोडा!'

चहाचा कप ओठांना लागतो न लागतो तोच आतून क्षमाचे वडील आप्पा आले, आणि विद्याधर कप ठेवून ताडकन उठला. आमदारांचा चेहरा त्याने सभांत पाहिला होता. घर ठाऊक नव्हतं. यंदा उभं राहायचं नाही असं ठरल्याबरोबर आप्पांनी दारावरची पाटीच उतरवून ठेवली होती ना!

"सांगायचं तरी..." तो क्षमाकडे पाहून पुटपुटला. "चुना फासतो भिंतीला. पुन्हा नाही यायचा मी इकडे."

पुन्हा नाही? क्षमाचं हसूच मावळलं. गंमत चांगलीच अंगाशी आली होती.

आप्पा भिंतीसमोर उभे राहिले. मग धोतराचा सोगा खोचून त्यांनी शिडी धरली.

"वरची ओळ फिकी आलीये. चढ, गिरव."

"अहो, पण हे तुमच्याच विरुद्ध—"

"खुर्ची लोकांनी बसायला दिली होती. बसलो, उठलो. चढ तू."

ज्यांच्यासाठी भरल्या सभा उठून उभ्या राहत, ते आप्पा एका परक्या पोराची शिडी धरून उभे होते, आणि गेरूचे थेंब त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होते. क्षमाला वाटलं, आपले वडील आपण आज पहिल्यांदा पाहतोय. तिने वर पाहिलं. विद्याधरचा कुंचला थांबला होता, डोळे भरले होते... दोघांच्या नजरेत एकच नवल.

खाली उतरून तो आप्पांच्या पाया पडला.

"भिंत विचारून घेतलीस," आप्पा म्हणाले. "आणखी काही हवं असेल, तर तेही विचारूनच घे." आणि ते आत निघून गेले.

विद्याधरच्या तोंडावर गेरू कुठला नि लाली कुठली, कळेना.

"मग... विचारू?"

"विचारा. पण माघार घ्यायची नाही हं!"

"तुम्ही... म्हणजे, माझ्याशी—"

"हो."

"अहो, पुरतं विचारू तर द्या!"