तळाचा थर

"अहो मॅडम, अंजिरं आहेत ती… बटाटे नव्हेत."

उल्काने वर पाहिलं. गुलटेकडीच्या बाजारातल्या या गाळ्यावर तिची पहिलीच तपासणी होती. पेट्यांवर 'विशेष प्रत' असा सरकारी शिक्का, आणि आत तसाच माल आहे ना, हे बघायची तिची नोकरी. पेटीवर ताट झाकून तिने ती अलगद पालथी केली. तळाचा थर वर आला. टपोरा, जांभळा, वरच्यासारखाच.

"माणसंही अशीच पालथी करून बघता?" गाळ्याचा मालक श्याम हसला.

"सोसणारं भेटलं तर…"

सरकारने तपासणीला पाठवावं आणि पोरीने जीव लावून बसावं, याला काय म्हणावं? पुढच्या प्रत्येक तपासणीला ताटाखाली बोटांना बोटं लागत गेली. रविवारी श्यामच्या घरची माणसं उल्काच्या घरी, सदाशिव पेठेत मागणी घालायला येणार, असंही ठरलं.

शनिवारी त्याच्याच मालाबद्दल तक्रार आली. साहेब दुसऱ्या कुणाला पाठवत होते, पण उल्काने हट्टाने ते काम मागून घेतलं. त्याच्यावरचा आळ तिला स्वतःच्या हातांनी पुसायचा होता.

आज श्याम हसला नाही.

"आज वरूनच बघा ना… माझ्यासाठी."

तिचे हात ताटावर थबकले. नुसती सही केली, तर उद्याची बैठक होणार होती. तिने पेटी उलटी केली.

खाली किडकीमिडकी, फुटलेली अंजिरं. पुढच्या पेटीतही तेच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच भरली. सगळेच भरतात, उल्का. यंदा माल आलाच नाही चांगला…"

"मग शिक्का लावायचा नव्हता."

तिने माल सील केला. शिक्क्याचा परवाना रद्द करावा, असंही लिहिलं. आतून ती पार कोसळली होती.

"उद्या… येऊ ना आम्ही?"

"नका येऊ."

घरी आई दारातच उभी होती. "श्यामरावांनी सकाळीच पेटी पाठवलीय. हौशी दिसतोय हो जावई."

उल्काने ताट आणलं, झाकलं, पेटी पालथी केली.

तळाची अंजिरं वरच्यापेक्षाही मोठी होती. एकेक निवडून, पानात बसवलेली.

एक जरी सडकं निघालं असतं, तर त्याला विसरणं सोपं गेलं असतं. ती तिथेच जमिनीवर बसून रडू लागली.

आईने एक तोंडात टाकलं. "अगं, गोड आहेत की… रडायला काय झालं?"