कडेचा हिरवा रंग

"बाबांच्या सुरकुत्या कुठं गेल्या?"

काउंटरमागचा गोकुळ गडबडला. जानेफळच्या त्याच्या फोटो स्टुडिओत मी तेरवीसाठी बाबांचा फोटो मोठा करून घ्यायला गेले होते.

"साफ केल्या न. समदे तसंच मागतात."

"मला त्या परत हव्यात."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं... आणि कपाळावरची एकेक रेघ परत आणली. तोवर मी शेजारचा स्क्रीन बघत बसले. पिवळे, निळे, तांबडे पट्टे.

"हा कुठला नकाशा?"

"अंतराळाचा गेम हाय. त्यातला एक ग्रह मी बनवून राह्यलो." त्याचा आवाज एकदम उजळला. "खेळणाऱ्याले हा नकाशा दिसत नाही. यान उतरलं का गेम त्याच्याखालचा रंग पाहते. पिवळा असला तर वाळवंट, निळा असला तर समुद्र, हिरवा असला तर गवत. एक रंग, एक बायोम, म्हंजे एक प्रदेश. पण किनाऱ्यावर उतरलं का गेम म्हणते, गवत! आता तिथं गवत काऊन येईन?"

मी वाकून पाहिलं. पिवळ्या-निळ्याच्या मध्ये केसाएवढी हिरवी रेघ होती.

"ब्रशची कड मऊ ठेवलीत तुम्ही. दोन रंग मिसळले, हिरवा झाला."

तो स्क्रीनकडे, मग बाबांच्या फोटोकडे बघत राहिला. "अरे बापा! नवरदेवांचे गाल गुळगुळीत करू करू हात बिघडला माह्या."

मी हसले. हसू आलं, याचंच मला नवल वाटलं.

तेरवी झाली. मग फ्रेम बदलायची होती. मग आत्यासाठी एक प्रत. मग कारण सांगायचं राहूनच गेलं... आणि 'तुम्ही' कधी गळालं, तेही कळलं नाही. त्याच्या ग्रहावरच्या प्रदेशांना नावं हवी होती. मी बाबांची दिली. काळी, भरकाड, मुरमाड, चोपण. बाबा मूठभर माती चुरून, डोळे मिटून जमिनीची जात सांगायचे. गोकुळनं सगळ्या कडा नव्यानं आखल्या, चाकूनं कापल्यासारख्या.

पुण्याला परतायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माउसवरून नजर न हलवता विचारलं, "मंग... येशीन कधी?"

"बघू. जमेल तसं."

"अर्पिता, असं मऊ नको बोलू. येणार असशीन तं येते म्हण, नसशीन तं नाही म्हण. मधातला रंग मले आता चालत नाही."

मी नजर नकाशावर वळवली. बाहेर कुणी दुकानाचं शटर ओढलं.

नकाशावर, बाबांच्या भरकाडाला लागून, एक पांढरा ठिपका उरला होता.

"याला नाव नाही?"

"तुह्यासाठी ठेवला."

मी कीबोर्ड ओढला, टाइप केलं. त्यानं गेम सुरू केला. यान हळूहळू खाली आलं, धूळ उडाली, बसली... आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली—

'मी इथंच उतरणार.'

त्यानं ते दोनदा वाचलं. कान लाल झाले होते त्याचे.

"बायोमचं असं नाव असते का कुठं?"

"असतं," मी म्हटलं. "कड तपासून घे. मऊ नाही ठेवलेली."